तयार सर्किट बोर्ड मागवताय? आधी नमुना पारखा!

कापडाच्या पेढीवर ठाण आले की व्यापारी आधी त्याची घडी उलगडतो, उजेडाकडे धरतो, पन्हा मोजतो आणि मगच बिलावर सही करतो. गिरणीचा शिक्का कितीही नामांकित असला तरी ही सवय सुटत नाही. पण एका निराळ्याच मालाच्या बाबतीत ही सवय आम्ही विसरलो आणि ऐन ईदच्या हंगामात आमची फजिती झाली. तो माल म्हणजे कारखान्यातून भाग बसवून आलेले इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड.

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील आयटीआय, पॉलिटेक्निक व इंजिनिअरिंगची मुले आता पंपाचे टायमर, टाकीचे पाणी दाखवणारे दिवे, छोटे चार्जर असे प्रयोग घरी करतात. पूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून सुटे भाग आणायचे आणि कावियाने एकेक डाग देत बसायचे, हाच मार्ग होता. आता संगणकावर नकाशा काढून पाठवला की कारखाना भाग बसवून तयार बोर्ड घरपोच पाठवतो. सोय मोठी आहे. मात्र या सोयीत खरेदीदाराची जबाबदारी कोठे सुरू होते, हे ठाऊक नसेल तर पैसा वाया जातो. म्हणून आमचा तजुर्बा व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवत आहे.

मोजणीचे यंत्र आणि वीस बोर्ड

माझा भाचा डिप्लोमा झालेला. सोलापूर, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा ठिकाणांहून येणारी ठाणे बिलाप्रमाणे भरतात की नाही, हे दुकानात पटकन पाहता यावे म्हणून त्याने एक यंत्र तयार केले. कापड एका रुळावरून ओढायचे. रुळात बसवलेले चुंबक फिरले की सेन्सर फेरे मोजतो आणि आकड्यांच्या पट्टीवर मीटर दिसतात. हे यंत्र आलेला माल आतल्या आत तपासण्यापुरते आहे. गिऱ्हाइकाला कापड मोजून देताना वैधमापन खात्याचा शिक्का असलेला मीटरच वापरला पाहिजे, २००९ च्या वैधमापन कायद्याचे बंधन आहे.

पहिले दोन बोर्ड त्याने हाताने जोडले. दोन्ही उत्तम चालले. ते पाहून तुळजापूर आणि नळदुर्गच्या काही कापडवाल्यांनी मागणी केली. मग त्याने चीनमधील शेनझेन येथील एका कारखान्याला वीस बोर्डांची ऑर्डर दिली. बोर्ड ईदच्या तीन आठवडे आधी आले. काम देखणे होते. भाग एका रांगेत, डाग चकचकीत. पण अडॅप्टर जोडला तर दिवाच लागेना. एक झाला, दोन झाले, वीसच्या वीस मुके!

मीटर लावून पाहिले. वीज बोर्डाच्या तोंडापर्यंत येत होती आणि पहिल्याच डायोडपाशी अडत होती. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, आणि इथे तो उलट्या तोंडाने बसला होता. भाच्याने एका बोर्डावरचा डायोड काढून सरळ लावला आणि पुन्हा वीज दिली. काही सेकंदांत शेजारचा पिवळा ठिपक्याएवढा भाग तडकला आणि धूर निघाला. तो टँटलम कपॅसिटर होता, आणि तोही उलटाच बसलेला होता.

"मामू, डायोड उलटा होता म्हणूनच हा आतापर्यंत वाचला होता," भाचा म्हणाला.

मी म्हणालो, "बेटा, एक ऐब सापडला की ठाण गुंडाळून ठेवायचे नसते. शेवटच्या वारापर्यंत उलगडायचे असते."

कारखान्याकडे जाणारे तीन कागद

चूक कोणाची, हे शोधताना कळले की कारखान्याने आपले काम चोख केले होते. त्याला आपण तीन कागद देतो, म्हणजे संगणकाच्या तीन फाइली. पहिली गर्बर फाइल. तिच्यात तांब्याच्या रेषा, भोके आणि छापील खुणा यांचा नकाशा असतो. दुसरी बीओएम, म्हणजे कोणता भाग कोणत्या किमतीचा आणि किती नग, याची यादी. तिसरी भाग बसवण्याची फाइल. तिच्यात प्रत्येक भागाचे नाव (आर१, सी२, डी१ असे), आडवे अंतर, उभे अंतर, बोर्डाची वरची की खालची बाजू आणि भाग किती अंशांत फिरवायचा, अशी पाच खाती असतात. आमची चूक या शेवटच्या खात्यात होती.

कापडवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. ज्यांच्या नावाने गर्बर फाइल ओळखली जाते ते जोसेफ गर्बर १९२४ मध्ये व्हिएन्ना येथे जन्मले आणि १९४० मध्ये निर्वासित म्हणून अमेरिकेत गेले. त्यांच्या कंपनीच्या आरेखन यंत्रांसाठी बनलेली भाषा पुढे सर्किट बोर्डांच्या धंद्यात जगभर रूढ झाली. त्याच कंपनीने १९६९ मध्ये कापडाचे अनेक थर एकदम कापणारे संगणकचलित यंत्र बाजारात आणले आणि तयार कपड्यांच्या धंद्याचे स्वरूप पालटले. कपड्याचा फर्मा आणि बोर्डाचा नकाशा असे एकाच घरातले आहेत. दोन्हीकडे नियमही एकच. फर्मा चुकला तर यंत्र शंभर थर तितक्याच सफाईने चुकीचे कापते.

कारखान्यात आधी बोर्डावर जाळीतून सोल्डरचा लेप देतात. मग यंत्राची हवा ओढणारी नळी रिळावरच्या पट्टीतून भाग उचलून ठरलेल्या जागी ठेवते. त्यानंतर बोर्ड भट्टीतून जातो. शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून भट्टी त्याहून वीस-तीस अंश अधिक तापवतात. शेवटी कॅमेरा प्रत्येक बोर्ड तपासतो. पण तो ताळा घेतो आपणच दिलेल्या आणि मंजूर केलेल्या माहितीशी. माहितीत डायोड उलटा असेल तर उलटा डायोड कॅमेऱ्याच्या हिशेबी बरोबर असतो. सोलापूरच्या चादरीच्या मागावर जॅकार्डचे पत्ते चुकीचे टोचले तर माग ती चूक इमानदारीने विणतो, तसाच हा प्रकार.

साधे कापड आणि मखमल

सर्वच भागांना दिशा नसते. रेझिस्टर व साधे सिरॅमिक कपॅसिटर मांजरपाटासारखे असतात, कसेही ठेवा, फरक पडत नाही. डायोड, एलईडी, इलेक्ट्रोलायटिक व टँटलम कपॅसिटर, ट्रान्झिस्टर आणि चिप मात्र मखमलीसारखे असतात. मखमलीची लव एका बाजूला झुकलेली असते. टेलर मास्टरने एक तुकडा उलटा लावला तर माप बरोबर असूनही कपडा दुरंगी दिसतो. इथे तर भाग जळतो.

गोंधळ होतो तो शून्य अंशाच्या बाबतीत. भाग 'सरळ' ठेवला म्हणजे त्याचे पहिले टोक डावीकडे की उजवीकडे, वर की खाली, यावर सर्वांचे एकमत नाही. नकाशा काढणाऱ्या सॉफ्टवेअरची पद्धत एक, रिळाच्या पट्टीत भाग भरणाऱ्याची दुसरी. त्यामुळे आपण शून्य लिहावे आणि भाग ९० किंवा १८० अंशांत फिरून बसावा, असे घडते. आमचे दोन्ही भाग १८० अंशांनी फिरले होते. हाताने जोडलेले बोर्ड चालले, कारण तेथे भाच्याने डोळ्यांनी खूण पाहून भाग लावले होते. नकाशा बरोबर होता, अंशांचे खाते चुकले होते.

दुसरा गोंधळ खुणांचा. डायोडवरची पट्टी ऋण टोक दाखवते. पत्र्याच्या गोल इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवरचा काळा भागही ऋण बाजूचा. टँटलमवरची पट्टी मात्र धन बाजू दाखवते! एका पट्टीचा अर्थ दुसरीला लावला की घात झाला. एलईडीच्या खुणा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असू शकतात, म्हणून त्या भागाचे माहितीपत्रक उघडून पाहण्यास पर्याय नाही. तीन पायांच्या ट्रान्झिस्टरचेही तसेच. अंगलट सारखी असली तरी कोणता पाय कशाचा, हे नगानगाला बदलते.

तिसरा गोंधळ मापाचा आणि किमतीचा. आपल्याकडे गज आणि मीटर यांची गल्लत होत असे, तसे येथे इंची आणि मेट्रिक आकडे आहेत. ०६०३ हा आकडा इंची हिशेबात १.६ × ०.८ मिलिमीटरचा भाग दाखवतो, मेट्रिक हिशेबात ०.६ × ०.३ मिलिमीटरचा. रेझिस्टरवर १०३ असेल तर दहा हजार ओहम, कारण शेवटचा आकडा किती शून्ये द्यायची ते सांगतो. त्याच नियमाने १०० म्हणजे शंभर नव्हे, दहा ओहम. छोट्या सिरॅमिक कपॅसिटरवर तर बहुधा काहीच लिहिलेले नसते. म्हणून यादीतली चूक बोर्ड आल्यावर डोळ्यांनी पकडता येत नाही, ती आधीच पकडावी लागते.

पैसे भरण्यापूर्वी

ऑर्डर देताना बहुतेक कारखाने संगणकाच्या पडद्यावर बोर्डाचे चित्र दाखवतात. त्यात प्रत्येक भाग बसलेला दिसतो आणि चिपच्या पहिल्या पायापाशी ठिपका असतो. आमच्या ऑर्डरच्या वेळीही ते चित्र समोर आले होते आणि डायोड त्यात उलटाच दिसत होता. भाच्याने रात्री उशिरा मोठी चिप तेवढी नीट पाहिली, बारीक भागांवरून नजर फिरवली आणि मंजुरीचे बटण दाबले. विना उलगडता ठाणाच्या बिलावर सही केली, असेच म्हणावे लागेल.

तेव्हा पुढील कामे करूनच पैसे भरावेत.

१. दिशा असलेल्या सर्व भागांची वेगळी यादी कागदावर काढावी. वीस-पंचवीस भागांच्या बोर्डावर असे भाग बहुधा बोटांवर मोजण्याइतके असतात.

२. पडद्यावरचे चित्र मोठे करून यादीतील प्रत्येक भागाची खूण नकाशाशी आणि माहितीपत्रकाशी ताडून पाहावी. चुकीची दिशा दिसली तर अंशांचे खाते दुरुस्त करावे आणि चित्र पुन्हा पाहावे.

३. सगळेच भाग एकाच बाजूला सरकलेले दिसले तर मोजणीचा आरंभबिंदू चुकला आहे. खालच्या बाजूचे भाग आरशातल्यासारखे उलटे दिसले तर त्या बाजूचे आडवे अंतर तपासावे.

४. नकाशा खऱ्या मापात कागदावर छापावा आणि हाताशी असलेले भाग, विशेषतः सॉकेट आणि बटणे, त्यावर ठेवून पाहावीत. या साध्या युक्तीने मापाच्या पुष्कळ चुका दिसतात.

५. बोर्डावरच डायोडची पट्टी, कपॅसिटरचे अधिक चिन्ह आणि चिपचा पहिला पाय ठळक छापून घ्यावा. तोच पुढे तपासणाऱ्याचा आधार.

६. काही कारखाने थोडे शुल्क घेऊन भाग बसवण्यापूर्वी जुळणीचे चित्र खरेदीदाराकडे मंजुरीला पाठवतात. पहिल्या ऑर्डरला ही सोय घ्यावी.

७. पहिली ऑर्डर दोन-पाच नगांचीच असावी. नगामागे भाव जास्त पडतो हे खरे, पण नमुना पाहिल्याशिवाय गठ्ठा उचलणारा व्यापारी आपण शहाणा मानत नाही.

माल हाती आल्यावर

पार्सल फोडताच वीज जोडण्याची घाई करू नये. प्रथम दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो घ्यावेत. बोर्ड मंजूर केलेल्या चित्राप्रमाणे नसेल तर कारखान्याकडे तक्रार करता येते, मात्र त्यासाठी ते चित्र जपून ठेवलेले असावे आणि बोर्डाला कावियाही लागलेला नसावा. चित्राप्रमाणेच असेल तर नुकसान आपले. आमचे होते, आम्ही मुकाट्याने सोसले.

मग घड्याळजीच्या भिंगाखाली एक बोर्ड यादीप्रमाणे पाहावा. दिशा, किमतीचे आकडे, एका टोकावर उभा राहिलेला भाग, दोन पायांना जोडणारा सोल्डरचा थेंब, यांवर नजर ठेवावी. त्यानंतर मीटर लावून धन आणि ऋण यांमध्ये शॉर्ट आहे काय ते पाहावे. मीटर क्षणभर वाजून थांबला तर कपॅसिटर भरत असेल, पण सतत वाजत राहिला तर वीज देऊ नये. मीटरच्या डायोडच्या खुणेवर एलईडीला टोके लावली की तो मंद पेटतो आणि दिशा कळते.

पहिली वीज नेहमी आवळून द्यावी. प्रवाहाला मर्यादा घालता येणारा पुरवठा पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत किंवा मोबाइल दुरुस्तीच्या चांगल्या दुकानात असतो. आमच्यासारख्या छोट्या बोर्डाला शंभर मिलिअँपिअरची मर्यादा लावून आरंभ करता येतो. प्रवाह मर्यादेला भिडला तर ताबडतोब बंद करावे. मर्यादा होती असती तर आमचा टँटलम कदाचित जळाला नसता आणि चूक आम्हाला धुराविना कळली असती. हा सर्व विचार कमी दाबाच्या बोर्डांपुरता आहे. घरच्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डाला जाणकारावाचून हात लावू नये.

एक बोर्ड पूर्ण पास झाला की उरलेल्यांची तपासणी सोपी होते. फाइलमधली चूक सर्व नगांत सारखी असते, तर सोल्डरचा दोष एखाद्याच नगात असू शकतो. म्हणून पहिला बोर्ड फाइलशी ताडावा आणि बाकीचे त्या पहिल्या बोर्डाशी.

एकाने बोलावे, दुसऱ्याने ताळा घ्यावा

आमचे एकोणीस बोर्ड शाबूत होते, कारण त्यांत वीज पुढे गेलीच नव्हती. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराने गरम हवेच्या बंदुकीने प्रत्येकावरचे दोन भाग उचलून फिरवले. अकरा यंत्रे ईदपूर्वी गेली, बाकीची नंतर. ज्यांना उशिरा मिळाली त्यांतल्या दोघांनी पुढची मागणी दिली नाही. संगणकावर दहा मिनिटांत झाली असती ती दुरुस्ती अडतीस भागांवर हाताने करावी लागली. बोर्डाच्या भावात कुरियर, आयात शुल्क आणि जीएसटी धरून आम्ही नफा काढला होता, दुरुस्तीची मजुरी धरली नव्हती. नफ्याचा मोठा हिस्सा तिच्यात गेला.

यात एक रोजगारही दिसतो. बारीक नजर, स्थिर हात आणि धीर, या तीन गोष्टींवर रफूगर, घड्याळजी, जरीकाम करणारे आणि मोबाइल दुरुस्त करणारे पोट भरतात. बोर्डाची तपासणी आणि दुरुस्ती यांनाही याच गोष्टी लागतात. भिंग, मीटर, गरम हवेची बंदूक आणि माहितीपत्रक वाचण्यापुरते इंग्रजी एवढ्या भांडवलावर हे काम शिकता येते. जिल्ह्यातील मुले जितके बोर्ड मागवतील तितकी अशा हातांची गरज वाढेल.

दुसरी ऑर्डर देताना भाचा माझ्याजवळ येऊन बसला. दुकानात साठा मोजताना आपण करतो तसेच आम्ही केले. मी यादी वाचली, त्याने पडद्यावर पाहून उत्तर दिले. मला चिपमधले काही कळत नाही, पण "डी१, पट्टी कोणीकडे?" एवढे विचारता येते. अर्ध्या तासात यादी संपली. बाराव्या भागाशी भाचा थबकला. एक एलईडी उलटा होता. त्याने अंश बदलले, चित्र पुन्हा पाहिले आणि आम्ही यादी पहिल्या भागापासून परत वाचायला घेतली.